मुलाला घेऊन सायकलवर लांब: पोलो ग्राउंडपासून सिंधरोटपर्यंत

सात-आठ वर्षांचं मूल सोसायटीत संध्याकाळभर सायकल फिरवतं, हाका मारमारून वर आणावं लागतं. त्यालाच घेऊन रविवारी दहा किलोमीटर जायचं म्हटलं की घरात पहिली शंका निघते ती पायांची: एवढं झेपेल का? पायांना झेपतं. आधी दमतं ते लक्ष. सोसायटीत मूल मनाला येईल तेव्हा थांबतं, वळतं, सायकल टाकून मांजरामागे पळतं. रस्त्यावर मात्र कडेनं, सरळ, मागून येणाऱ्या रिक्षाचं भान ठेवून चालवायची असते. हे काम डोक्याचं आहे आणि लहान डोकं त्यात पंधरा-वीस मिनिटांत शिणतं. मग हँडल हेलकावे खातं, बंप दिसत नाही, ब्रेक उशिरा लागतो. म्हणून सायकल, रस्ता, वेळ, थांबे हे सगळं मी या एका हिशेबानं मांडतोय. वय साधारण सात ते अकरा, गाव आपलं बडोदं.

बडोदं या कामाला फार सोयीचं. उड्डाणपूल सोडले तर चढ नाहीतच, त्यामुळे गिअरची सायकल हवीच असं अजिबात नाही. त्रास आहे तो उन्हाचा, गायींचा, बंपांचा आणि जानेवारीत मांज्याचा. त्याकडे पुढे येतोच.

आधी सायकल मापात आणा

‘पुढे वाढेल’ म्हणून एक माप मोठी घेतलेली सायकल लांबच्या फेरीला नको. उंची ११५ ते १३० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर वीस इंची चाक, १३० ते १४५ असेल तर चोवीस इंची, हा ढोबळ अंदाज. दुकानात मूल दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट उभं राहिलं पाहिजे. आधाराची चाकं अजून लावलेली असतील तर हा बेत दोन-तीन महिने पुढे ढकला.

मग सीट. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि नेमकं हेच बहुतेक घरांत राहून जातं. शिकताना दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट अगदी खाली असते, आणि ते बरोबरच आहे. पण तशाच सीटवर मूल लांब गेलं की गुडघे पोटाशी येतात आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मांड्या भरून येतात. आपल्याला वाटतं पोरगं नाजूक आहे. तुम्ही हँडल धरा, मुलाला सीटवर बसवा आणि एक पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना पेडलवर चवडा येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. थांबल्यावर या उंचीला फक्त चवडे टेकतात, म्हणून मूल घाबरतं. तेव्हा एकदम वर न्यायची नाही, दर आठवड्याला बोटभर वाढवायची. सीटच्या नळीवर एक खूण असते, तिच्यापेक्षा जास्त नळी बाहेर काढू नका.

ब्रेकची मूठ लहान बोटांना लांब पडते. मुठीच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलजवळ येते. मग मुलाला बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि सायकल पुढे ढकला. चाक फिरलं तर ब्रेक घट्ट करून घेतल्याशिवाय सोसायटीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

वजनाचंही बघा. आपल्याकडची लोखंडी वीस इंची सायकल बास्केट, कॅरिअर, स्टँड धरून सहज बारा-तेरा किलो भरते, आणि मूल असतं बावीस-पंचवीस किलोचं. म्हणजे ते स्वतःच्या निम्म्या वजनाचं लोखंड ओढतंय. सत्तर किलोच्या बाबांनी पस्तीस किलोची सायकल चालवून बघावी आणि मग ‘चल ना पटपट’ म्हणावं. बास्केट, झालरी, मागचं कॅरिअर काढून टाका. चेनकव्हर मात्र ठेवा, बुटाची नाडी आणि पायजमा दोन्ही वाचतात. हवा टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. अर्ध्या हवेवर सायकल दुप्पट जड लागते.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळलेले, हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतकी जागा. मान जोरात हलवून बघायची, हेल्मेट डोळ्यांवर घसरता कामा नये. आणि तुमच्याही डोक्यावर हवंच, नाहीतर दुसऱ्या रविवारी वाद ठरलेला.

मैदानावर आधी चार गोष्टी

पोलो ग्राउंडवर सकाळी चालायला येणाऱ्यांची वर्दळ असते, तरी एका कडेला जागा मिळते. नाहीतर सोसायटीचं पार्किंग. खडूनं वीस पावलांची सरळ रेघ ओढा.

पहिला आणि सगळ्यात अवघड धडा मागे बघण्याचा. मुलाला रेघेवरून चालवायला सांगा, तुम्ही मागे उभे राहा आणि ‘मागे बघ, किती बोटं?’ म्हणून हात वर करा. पहिल्या वेळी काय होतं ते नीट पाहण्यासारखं असतं: मान उजवीकडे वळते, तिच्यामागून खांदा जातो, खांद्यामागून हँडल, आणि बोटं मोजून होईस्तोवर सायकल रेघेपासून हातभर उजवीकडे, म्हणजे खऱ्या रस्त्यावर थेट गाड्यांच्या वाटेत. उपाय सोपा आहे. मागे बघताना उजवा हात हलका ठेवायचा, हनुवटी खांद्याला टेकवायची, डाव्या हातानं हँडल स्थिर धरायचं. आमच्या लेकीला हे जमायला बरेच दिवस लागले. तोवर रस्त्यावर मी तिला मागे बघूच दिलं नाही. मागचं मी सांगेन, तू पुढे बघ, असा करार होता.

दुसरा धडा थांबण्याचा. कुठली मूठ पुढच्या चाकाची आणि कुठली मागच्या, हे चाक उचलून तिला स्वतःला शोधू द्या. दोन्ही एकदम दाबायच्या, पाय घासून थांबायचं नाही. तिसरा बंपचा: आधी वेग कमी, दोन्ही पेडल आडव्या पातळीत, ढुंगण सीटवरून किंचित उचललेलं. बडोद्यात बंपांना तोटा नाही आणि पुष्कळांवरचा पांढरा रंग कधीच उडून गेलेला असतो. चौथा, दोन चपलांच्या मधून सायकल काढणं. ती दोन्ही चपलांकडे बघेल तर चपलेवरच जाईल, पलीकडे बघेल तर निघेल.

शब्दही ठरवून घ्या. आमचे तीनच: ‘थांब’, ‘कडेला’, ‘उतर’. ‘थांब’ म्हटलं की कारण न विचारता थांबायचं, आणि म्हणून तो शब्द गमतीत कधीच वापरायचा नाही. ‘उतर’ म्हणजे सायकल हातात धरून चालायचं. हे शब्द मराठीतच ठेवले ते मुद्दाम. रस्त्यावर ‘ए, जो ने’, ‘साइड आप’ असा गुजरातीचा पाऊस सतत असतो, त्यात आपला शब्द वेगळा ऐकू येतो.

रस्त्यावर कोण कुठे

एकच मोठं माणूस असेल तर त्यानं मागे राहायचं, मुलापेक्षा हातभर उजवीकडे. मागून येणाऱ्याला आधी तुम्ही दिसता, तो तुम्हाला वळसा घालतो आणि त्याच वळशात मूल सुरक्षित राहतं. पुढे राहून सारखं मागे बघत चालवणारे बाबा स्वतःच खड्ड्यात जातात. दोघं असाल तर एक पुढे, एक मागे. पुढच्यानं वेग मुलाचा धरायचा, म्हणजे ताशी आठ-दहा किलोमीटर. तुम्हाला ते रांगल्यासारखं वाटेल. वाटू दे.

रस्ता कधी ओलांडायचा हे मुलानं ठरवायचं नाही. येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज दहा-अकरा वर्षांपर्यंत नीट येत नाही, कितीही हुशार असो. सर्कलला उजवीकडे वळायचं असेल तर सरळ ‘उतर’. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल इतकं अंतर ठेवायचं, म्हणजे मीटरभर.

गाय बसलेली असेल तर तिच्या मागून, सावकाश. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच नाही. कुत्री पहाटे जास्त माजलेली असतात आणि मूल घाबरून जोरात पेडल मारतं, त्यानं ती आणखी धावतात. अशा वेळी थांबायचं, उतरायचं, कुत्रा आणि आपण यांच्या मध्ये सायकल धरायची आणि चालत पुढे जायचं. हे घरीच एकदा नाटक करून दाखवा, ऐन वेळी शिकवायला सवड नसते.

पहिल्या फेऱ्या शहरातच

रविवारी सकाळी साडेसात-आठपर्यंत जुनं बडोदं जवळजवळ आपलंच असतं. कीर्तिस्तंभापासून राजमहालाच्या भिंतीकडेनं, मग न्यायमंदिर, सुरसागर, दांडिया बाजार आणि काळा घोडा, अशी पाच-सहा किलोमीटरची फेरी होते. मांडवीच्या बाजूला जायचं असेल तर अगदी आधी जाऊन या, बाजार उघडला की तिथे सायकलला जागा उरत नाही.

दर पंधरा मिनिटांनी थांबायचं, दमलेलं नसलं तरी. आणि थांब्याला काहीतरी बघायला हवं, नुसतं ‘पाणी पी’ नाही. काळ्या घोड्याजवळचा विश्वामित्रीचा पूल यासाठी अफलातून आहे. हिवाळ्यात सकाळी ऊन तापलं की काठावर मगरी पहुडलेल्या दिसतात, शहराच्या मधोमध. सायकली फुटपाथवर घ्यायच्या आणि पुलावरूनच बघायचं. काठावर उतरायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. पुलाचे पंधरा मिनिटांचे तीस झाले तरी हरकत नाही; तेवढ्यात लक्ष पुन्हा भरून येतं आणि पुढचा टप्पा सरळ जातो.

परतायचं कधी? मूल ‘अजून जाऊ’ म्हणत असतानाच. तुम्हाला दिसतील त्या खुणा अशा: चाक हेलकावायला लागलं, बडबड बंद झाली, ‘अजून किती?’ दुसऱ्यांदा आलं, सांगितलेलं वळण चुकलं. यातली एकही दिसली तर ती फेरी तिथेच संपवायची आणि घरी रिक्षानं. वीस इंची सायकल हँडल तिरकं करून रिक्षात मागे बसते. रिक्षावाला आधी नाही म्हणतो, मग स्वतःच बसवून देतो. रिक्षात बसणं म्हणजे हरणं नाही, हे आधीच सांगून ठेवा. तसं सांगितलेलं मूल दमलो म्हणून खरं बोलतं, लपवत नाही.

अंतर एका वेळी दोन-तीन किलोमीटरनंच वाढवा, तेही मागची फेरी कुरकुर न होता पार पडली असेल तरच. शेव-उसळ किंवा फाफडा-जिलेबी फेरी संपल्यावर. मधल्या थांब्याला तिखट रस्सा पोटात गेला की पुढचा अर्धा तास कुणालाच सुखाचा जात नाही.

पाणी, खाणं, ऊन

मुलांना तहान उशिरा कळते. म्हणून विचारायचं नाही, द्यायचं. दर थांब्याला छोटा पेलाभर, शंभर-दीडशे मिली. चालवता चालवता बाटली नको. तासापेक्षा मोठी फेरी असेल तर केळं, सुखडीची वडी, चिक्की, गुंडाळलेला थेपला यातलं काहीतरी अर्ध्या वाटेवर. आठ वर्षांच्या मुलाचा अचानक आलेला राग हा नव्वद टक्के वेळा भूक असते. आधी केळं द्या, समजूत मागाहून काढा.

आपल्याकडे सूर्य उशिरा उगवतो, हे वेळापत्रक करताना बरेच जण विसरतात. डिसेंबर-जानेवारीत सात-सव्वासातपर्यंत सूर्य उगवत नाही, म्हणजे सहाला निघणं म्हणजे अंधारात निघणं. एप्रिलमध्ये सव्वासहाच्या सुमाराला उजाडतं आणि साडेआठला रस्ता तापलेला असतो. म्हणून लांबच्या फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. मार्चमध्ये नऊला घरात. एप्रिल-मेमध्ये सोसायटी आणि पोलो ग्राउंड पुरे. डोकं दुखणं, मळमळ, चेहरा लालबुंद होणं, गप्प होणं यातलं काही दिसलं की सावली, पाणी, कपाळ-मान ओल्या रुमालानं पुसणं आणि गाडी बोलावणं. आराम पडला नाही किंवा मूल गुंगल्यासारखं झालं तर सरळ डॉक्टर. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून सायकल नाहीच. पाण्याखाली उघडं गटार आहे की खड्डा, ते तुम्हालाही दिसत नाही, आणि अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, किती पाणी भरतं ते बडोदेकराला सांगायला नको.

सेवासी

दहा-बारा किलोमीटर सहज व्हायला लागले की शहराबाहेर. मी पश्चिमेकडचा रस्ता सुचवतो, कारण पूर्वेला जायचं म्हटलं की हायवे आणि त्याचे ट्रक मध्ये येतात. गोत्रीवरून सेवासी, शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटर. जुन्या गावात राहणाऱ्यांना वाटेत नदी आणि रेल्वे दोन्ही ओलांडावी लागते, तो भाग मुलासाठी सगळ्यात किचकट. पहिल्यांदा सायकली गाडीत टाकून गोत्रीपर्यंत न्या आणि तिथून सुरुवात करा. त्यात काही कमीपणा नाही, लक्षाचा ताजा साठा चांगल्या रस्त्यावर खर्च होतो.

सेवासीला १५४३ सालची विद्याधर वाव आहे. मजल्यामागून मजला खाली उतरत जाणारी ही विहीर मुलांना हमखास आवडते. मजले मोजायला लावा, पण कठड्याजवळ हात धरून. सायकलींना कुलूप लावायला साखळी न्या. इथे अर्धा तास तरी बसायचं, खाणं इथेच काढायचं.

या बाजूला एक गोष्ट सांभाळायची: गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. रस्त्याच्या कडेच्या मातीत त्याचे काटे पडलेले असतात. ‘कडेला’ म्हणजे डांबराची कड, माती नाही, हे मुलाला आधीच समजावा.

सिंधरोट

महीकाठचं सिंधरोट शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. येऊन-जाऊन तीस. मुलाच्या वेगानं जाण्याचे दीड-पावणेदोन तास, वर थांब्यांचा अर्धा तास; परतीलाही तेवढेच, किंबहुना जास्त. जानेवारीत साडेसातला निघालात तर पोहोचायला साडेनऊ-पावणेदहा, आणि परत यायला दीड वाजतो. हिवाळ्यातसुद्धा हे ऊन मुलाला जड जातं. म्हणून पहिल्या वेळी एकतर्फीच: तुम्ही आणि मूल सायकलवर, आई मागाहून डबा आणि गाडी घेऊन सिंधरोटला. किंवा आई सायकलवर आणि तुम्ही डबा घेऊन. परतीच्या काळजीशिवाय निघालेलं मूल वाटेत मोर बघायला थांबतं, शेतातल्या पंपावर तोंड धुतं, आणि हीच फेरी त्याच्या लक्षात राहते. दोन्हीकडचं अंतर दहाव्या-अकराव्या वर्षी आपोआप येतं.

सेवासीनंतर वस्ती विरळ होते आणि गाड्यांचा वेग वाढतो. इथे ‘एकामागे एक’ मोडायचं नाही, गप्पा थांब्यावर. पुढे उमेट्याच्या पुलाकडे जाणारी वाहतूक असते, पुलावर मुलाला सायकलवर नेऊ नका. नदीत पाय बुडवायचा हट्ट होणारच. महीचं पाणी उथळ दिसतं आणि वाळू उपसलेल्या जागी एकदम खोल जातं. वरून बघणं पुरे.

मांजा

हे वेगळं लिहितो कारण बडोद्यात याला पर्याय नाही. उत्तरायण १४ आणि १५ जानेवारीला, पण पतंग डिसेंबरपासूनच चढतात, आणि तुटलेला दोरा झाडांवरून, तारांवरून महिनाअखेरपर्यंत लोंबतो. तो मोठ्या माणसाचा गळा कापतो. मुलाची मान हँडलजवळ झुकलेली असते आणि उन्हात दोरा दिसत नाही. जानेवारीचा पहिला पंधरवडा शहरातल्या फेऱ्या बंद. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत गळ्याभोवती जाड मफलर, टोकं स्वेटरच्या आत खोचलेली, सकाळीच आणि सावकाश. उत्तरायणाच्या दोन दिवसांत तर सायकलचं नावही काढू नका.

पिशवीत काय

पंप, पंक्चरचे चिकटे, टायर काढायच्या दोन पट्ट्या, चाकाच्या नटाला बसणारा पाना (घरी लावून बघितलेला), आणि मुलाच्या मापाची एक नवी ट्यूब. ही ट्यूब महत्त्वाची, कारण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मोठ्या सायकलची मिळते, वीस इंचीची मिळेलच असं नाही. खरचटल्यावर लावायचं मलम आणि पट्टी, दोन रुमाल, घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात. ट्यूब बदलण्याचा सराव घरी करा आणि पंप मुलाला मारू द्या, त्याला ते काम फार आवडतं.

त्यापुढे

आजवा सुमारे वीस किलोमीटर, पण मध्ये आजवा चोकडीचा हायवे. तो लहान मुलासह सायकलवर ओलांडू नका. सायकली गाडीत घालून पलीकडे न्या आणि तिथून चालवा. डभोईजवळचा वढवाणा तलाव, २०२१ पासून रामसर यादीतला (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी), हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरलेला असतो. तिथेही सायकली गाडीत घालूनच जा आणि तलावाच्या आसपासच्या गावरस्त्यांवर चालवा. दुर्बीण असेल तर ती पिशवीत वरच ठेवा, कारण तिथे दर पाच मिनिटांनी थांबावं लागतं आणि किलोमीटर काही होत नाहीत.